रंगाई चोख होती

चूक माझी होती आणि ती मी मेश्रामांच्या नावावर लिहिली. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या मुलीचा फोन आला, "बाबा गेले, सर," तेव्हा मला आधी तोच कागद आठवला...

भिलाईतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत आम्ही जवानांसाठी रंग बदलणारं कापड करत होतो. थंडाव्यात हिरवं, तापलं की मातकट. रसायन माझं, रंगाई मेश्रामांची. सेक्टर १०मध्ये वाढलेला हा माणूस कापड बोटांत चोळून रंग कुठे कमी बसला ते सांगायचा, आणि यंत्र नंतर तेच सांगायचं. पहिला तुकडा टेबलावर झरझर बदलला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. ते मात्र म्हणाले, "सर, मानसाच्या आंगावर घालून पाहा न एक डाव."

"कावून?" मी त्यांचीच नक्कल केली.

"आंग तापते न. जवान झाडीत बसन अन् पाठ भुरी होईन."

मी हसलो. एसीच्या खोलीतले आकडे उत्तम होते. प्रात्यक्षिकाच्या दिवशी जवान पाठीवर ओझं घेऊन झुडपात बसला. थोड्या वेळानं ओझं उतरवलं, तर हिरव्या पाल्यात पाठीएवढा मातकट डाग! पाहायला आलेले अधिकारी म्हणाले, "ये तो आदमी को छुपा नहीं, दिखा रहा है."

अहवालात मी कारण लिहिलं : रंगाई एकसारखी नव्हती. मेश्रामांनी तो वाचला. "माही रंगाई खराब होती का, सर?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "काहीतरी लिहावं लागतं हो." ते पुन्हा कामाला लागले. अंग आणि कापड यांच्यामध्ये हवा खेळती ठेवणारं जाळीचं अस्तर त्यांनीच सुचवलं, स्वतः शिवून, घालून, ओझं घेऊन उन्हात चालून दाखवलं. ते कापड पुढच्या चाचणीत खरं उतरलं, आज त्यावरच आमचं काम उभं आहे. जुना अहवाल मात्र तसाच राहिला, ते निवृत्त झाले तरी.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी आदरांजलीला सगळे जमले होते. त्या अहवालाची मी नुकतीच कार्यालयात दिलेली दुरुस्ती तिथे वाचून दाखवली. मेश्रामवहिनी शांतपणे म्हणाल्या, "हे त्यायच्या समोर वाचाले पायजे होतं, सर."

"हो वहिनी. तेव्हा हिंमत झाली नाही. त्यांची रंगाई चोख होती. त्यांनी सांगूनही मी कापड अंगावर घालून पाहिलं नाही, आणि दोष त्यांना दिला. मला माफ करा."