जुने खाते बंद करायला आलेली बाई

पोळ्याचा दुसरा दिवस, १९५७. सकाळी मी पुलगाव ठाण्याच्या मालखान्यातला जप्त माल अंगणात उन्हाला काढत होते. पावसाळ्यात तिथे सगळ्यालाच बुरशी धरायची. गोण्या, काठ्या, कुठल्याशा भांडणातली एक फाटकी गादी, सगळे बाहेर येत होते. पुढे नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण त्या दिवशी बसलेला धक्का इतक्या वर्षांनीही पुरता उतरलेला नाही.

मी तेव्हा जमादार होते. जिल्ह्यात बायका पोलीस मोजक्याच. बाईचा जबाब घ्यायचा, बाईची अंगझडती करायची, म्हणजे मला बोलावणे यायचे.

त्या सकाळी गावातले एक सरकी-ढेपेचे व्यापारी घाईने ठाण्यात शिरले. धोतर, काळी टोपी, बोलणे मऊ. फौजदारसाहेबांपुढे हात जोडून म्हणाले, "साहेब, इज्जतीचा सवाल आहे. माझ्या धाकट्या भावाची विधवा. मागच्या आठवड्यात माझ्यासोबत वर्ध्याला आली, जुन्या बँकेतलं चालू खातं बंद केलं, सारी रोकड घेतली. आता म्हणते मी गेलेच नाही. पेटी घेऊन टेशनावर बसली आहे. माहेरी पळून राह्यली."

साहेबांनी मला हाक मारली. "बाई, ती गादी ठेवा बाजूले. त्या शेठाणीले घेऊन या आधी."

फलाटावर ती पेटीवर बसलेली सापडली. फिकी ओढणी, हनुवटीपर्यंत घुंगट. तिचा हात धरून तिची थोरली जाऊ, म्हणजे त्या व्यापाऱ्याची बायको, शेजारी बसली होती. मला पाहून जाऊच उठली.

"हिला हात लावू नका. ही गाय आहे गाय. न्यायचं तर मलाही न्या."

मी दोघींना नेले. पेटीत कपडे आणि बँकेने न वटता परत पाठवलेला एक चेक. रोकड नव्हती.

बायकांच्या खोलीत शेठाणीने घुंगट वर केला. तिशीची असेल, बोलायला खणखणीत. नवरा गेल्यावर दुकान तीच चालवत होती. तिचे म्हणणे असे. जुन्या बँकेत चालू खात्याचा खर्च फार. खाते सांभाळायचा आकार वेगळा, चेकबुकाचे पैसे वेगळे, बाहेरगावच्या चेकवर कमिशन, शिल्लक उतरली की दंड.

"जमादारीणबाई, बँक काय जावई आहे? दर सहा महिन्यांनी मान मागायला उभी," ती म्हणाली. मला हसू आले. जाऊही हसली.

वर्ध्यात नवी बँक निघाली होती, तिथे खर्च थोडा. खाते तिकडे न्यायचे तिने ठरवले. नव्या बँकेत खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागते. थोरल्या दिरांचे खाते तिथे होते. त्यांनी अर्ज आणले, जाऊने ते तिच्यापुढे ठेवले, तिने सह्या केल्या. दीर म्हणाले, जायची गरज नाही, मी सगळे करून येतो. तीन दिवसांनी तिने तेलगिरणीला चेक दिला, तो परत आला. नव्या खात्यात उघडण्यापुरतेच पैसे होते. म्हणून ती वर्ध्याला जुन्या बँकेत विचारायला निघाली होती; मुक्काम पडलाच तर असावेत म्हणून पेटीत कपडे.

"आणि पैसे मिळाले नाहीत तर?"

"दुकान दिरांच्या हाती जाईल. मला चोर म्हणून माहेरी धाडतील. तिथं भाऊ दारात उभी करणार नाही."

बाहेर साहेब वैतागलेले. दीर शांत बसले होते. ते म्हणत, भावजयीने स्वतः येऊन पावतीवर सही केली. शेठाणी म्हणे, अर्जावरची सही माझी, पावतीवरची नाही. हस्ताक्षर तपासायला पाठवले तर उत्तराला महिने लागणार. तोवर दुकानाचे काय व्हायचे ते झाले असते.

मी दुपारच्या पॅसेंजरने वर्ध्याला गेले. जुन्या बँकेतले रोखपाल वयस्क, अब्रूदार गृहस्थ होते. त्यांनी पावती दाखवली. सही हुबेहूब जुळत होती.

"त्या बाईला तुम्ही ओळखता?"

"काऊन नाही? दोन वर्षांपासून खातं आहे त्यांचं."

"चेहरा पाहिला?"

ते दचकले. "परक्या बाईच्या तोंडाकडे कोण पाहील? घुंगट होता. आम्ही मान खाली घालून काम करतो."

"आवाज?"

"थोरला दीर समोर असताना ती बोलेल कशी? शेठजीच बोलले."

म्हणजे इतक्या रकमेचे खाते बंद झाले, आणि पैसे नेणाऱ्या बाईचे तोंड कोणी पाहिले नव्हते, शब्द कोणी ऐकला नव्हता. मी थक्क झाले. बेशिस्त म्हणावी तर तीही नव्हती. सगळे सभ्यपणे वागले होते.

"मान खाली होती, मग खाली काय दिसलं?"

"पाय. दुसरं काय दिसणार?" ते जरा हसले. "अन् शेठजीसारखा माणूस पाहिला नाही हो मी. त्या बाईचं जोडवं इथल्या काथ्याच्या पायपुसण्यात अडकलं. निघता निघेना. शेठजींनी स्वतः वाकून सोडवलं. केवढी माया!"

माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

त्यांच्या समाजात थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोच्या सावलीलाही शिवत नाही. आणि विधवेच्या पायात जोडवे? रोखपालांनी दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या होत्या आणि त्यांत त्यांना फक्त माया दिसली होती. मी जबाब लिहून घेतला, त्यांना वाचून दाखवला, सही घेतली. सही करताना मात्र त्यांना त्याचा अर्थ उमगला.

"अरे देवा," ते म्हणाले. "मग ते कोण होतं?"

परतीच्या गाडीत मला उत्तर ठाऊक होते आणि पटत नव्हते. माणूस चारचौघांत वाकून पायाला हात लावील तो कोणाच्या? संध्याकाळी ठाण्यात आले तर दोघी तशाच बसलेल्या. जाऊ शेठाणीला भाकरीचा तुकडा मोडून देत होती. "खा गं. उपाशी राहून काय होणार?"

मी तिच्या पायांकडे पाहिले. चांदीची जाड जोडवी. एकाच्या नक्षीत काथ्याचा पिवळा धागा अजून अडकलेला होता.

शेठाणीला मी बाहेर नेले नाही. तिने ऐकावे असे मला वाटले.

"हिला सही करायला कोणी शिकवलं?" मी जाऊला विचारले.

"मीच. भाऊजी गेल्यावर. पाटीवर गिरवून घेतलं हिच्याकडून."

"म्हणून जुळली."

तिने उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली.

"ओढणी हिची घेतलीत. घुंगट घेतला. बोलायचा प्रश्न नव्हता. सगळं जमलं होतं. जोडवी का नाही काढली?"

ती रडेल, नाकबूल करील, अशी माझी तयारी होती. ती चिडली.

"जोडवी? मालक जिवंत असताना जोडवी काढू? तुम्ही बाईमाणूस आहात ना? काहीही विचारता!" मग म्हणाली, "ओढणीही वरून घेतली होती. आत माझी रंगीतच होती."

चोरी तिने दोन वाक्यांत कबूल केली होती आणि तिला राग आला होता तो भलत्याच गोष्टीचा. शेठाणीच्या हातातली भाकरी खाली पडली. ती एवढेच म्हणाली, "सकाळपासून माझा हात धरला होता तुम्ही."

दिरांचा मऊपणा मग फार टिकला नाही. रोकड त्यांच्याच गोदामात सरकीच्या ढिगाखाली मिळाली. तोतयेगिरी आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदवून दोघांना अटक केली. साहेब म्हणाले, "बाई, म्या तर त्या शेठाणीलेच आत टाकणार होतो." तेही हादरले होते.

नव्या भरतीच्या पोरांना मी नंतर नेहमी सांगत आले. माणूस गुन्हा करताना काय काय करतो ते सगळेच पाहतात. काय करायला तो तयार होत नाही, ते शोधा. प्रत्येकाचा पाय कुठेतरी अडतो. आणि दुसरे, सभ्यपणा आणि खात्री या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पैसे देताना तोंड पाहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडवी जप्त करायची होती, पुरावा म्हणून. पंच व्हरांड्यात बसवले. साबणाचे पाणी घेऊन मी कोठडीकडे निघाले, तर दारात शेठाणी उभी. मला वाटले, पैसे कधी मिळतील विचारायला आली. ते कोर्टाच्या हुकुमाने मिळतील, तसा अर्ज मी लिहून ठेवला होता. तो तिने घेतला, वाचला, सही केली. मग पदराची गाठ सोडून हळदीत भिजवलेला दोरा माझ्यापुढे धरला.

"जोडवी काढाल तेव्हा बोटांना बांधा त्यांच्या. रिकामी ठेवू नका."

"तुमचं दुकान बुडवत होती ती."

"ते कोर्ट पाहील." तिने दोरा माझ्या हातावर टाकला. "मी बांधू शकत नाही. सवाष्णीला माझा हात चालत नाही. तुमचा चालेल."

मी स्वतः विधवा होते. खाकीत ते कोणाला दिसत नसे. मी दोरा मुठीत घेतला. आत गेले, जोडवी उतरवली, दोन्ही पायांच्या बोटांना दोरा बांधला, आणि पंचांना सह्या करायला आत बोलावले.