मेजरांची नांगरट

आमचं कॉलेज मुळात शेतकी शाळा. गावानं दिलेल्या कृष्णाकाठच्या काळ्या रानात ती उभी राहिली आणि कॉलेजची पाटी लागली तरी सकाळी वर्ग, दुपारी शेत हा शिरस्ता तसाच राहिला. बोर्डिंगात माझ्या खोलीत जो जोडीदार आला, तो आम्हा पोरांपेक्षा दहा वर्षांनी मोठा होता. बांगलादेशच्या लढाईत सुरुंगावर पाऊल पडून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. लष्करी दवाखान्यानं लाकडी पाय बसवून त्याला घरी पाठवलं होतं. हुद्दा नायकाचा, पण आम्ही सगळे त्यांना मेजर म्हणायचो.

मेजरांच्या घरी उसाचं रान होतं, धाकटा भाऊ ते कसत होता. दर रविवारी तो भाकऱ्या घेऊन उंब्रजहून यायचा आणि दारातच उभं राहून म्हणायचा, "आवं दादा, कशाला ही दगदग? मी हाय की. तुमी नुसतं बसून खावा."

तो गेला की मेजर बराच वेळ भाकरीला हात लावायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, "गड्या, ह्यो मायेनंच बोलतुया. म्हणून त्याच्यावर वरडता बी येत न्हाई."

शेतातलं काम त्यांना माफ होतं, पण त्यांनी ती माफी कधी घेतली नाही. खुरपणी बसून व्हायची. पाणी पाजताना मात्र चिखलात पाय रुतायचा. रात्री ते कंदील विझवल्यावरच पाय काढायचे. अंधारात पट्ट्यांचे बक्कल वाजायचे आणि त्यांच्या तोंडून बारीक हुंकार निघायचा. मला वाटायचं, दमले असतील.

वर्षाच्या शेवटी नांगरटीची परीक्षा होती. रान आदल्या दिवशी भिजवलेलं, वरून वाळल्यासारखं दिसत होतं, पण आत लोण्यासारखं मऊ. प्रत्येकानं बैलजोडी धरून एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, सरळ या बांधापासून त्या बांधापर्यंत न्यायचा. मेजरांनी नांगराची मूठ, रुमणं, धरलं, बैलांना हाक दिली. निम्म्यापर्यंत तास दोरी धरल्यासारखा गेला. मग लाकडी पाय खोल रुतला. बैल थांबले नाहीत आणि मेजरांनी रुमणं सोडलं नाही. पट्टे तुटले. पालथे पडून ते नांगरामागं फरफटत गेले. मी धावत जाऊन बैलांना आडवा झालो. मागं वळून पाहिलं तर पाय एकटाच तासात उभा होता.

त्यांना उताणं केलं तेव्हा कळलं, गुडघ्याखालची जखम कधीचीच चिघळलेली होती. चिंधीवर चिंधी बांधून त्यांनी ती लपवली होती.

शेतकीचे सर जवळ बसले. म्हणाले, "मेजर, मी तुम्हाला पास केलं. उठा आता."

"तास पुरा झाला का, सर?"

सरांनी निम्म्यात थांबलेल्या तासाकडं पाहिलं.

"न्हाई न्हवं? मग पास कसा?"

कॉलेजच्या जीपनं त्यांना मिरजेला नेलं. जखमेचं विष वर चढलं होतं. पाय मांडीतून काढावा लागला. मी भेटायला गेलो तेव्हा भाऊ उशाशी बसून मोसंबी सोलत होता. मेजर भिंतीकडं तोंड करून पडले होते. मला एवढंच म्हणाले, "माझी ट्रंक गावाकडं लावून दे रं." ते कॉलेजात परत आले नाहीत.

पुढं दोनेक वर्षांनी मी त्यांच्या गावी गेलो. घर नवं होतं, दारापर्यंत ऊस आला होता. मेजर सोप्यात खाटेवर बसले होते. अंग सुटलं होतं, दाढी नीट केलेली, कपडे परीटघडीचे. भावानं कुठंच कमी पडू दिलं नव्हतं.

"लय सांभाळत्यात," ते म्हणाले. मग विचारलं, "कॉलेज काय म्हणतंय?"

खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. "शेतीचा वर्ग बंद झाला, मेजर. पोरंच येईनात. सगळ्यांना नोकरी पायजे. आता कॉमर्स काढलंय."

"आन् बैलं?"

"इकली."

त्यांनी मान हलवली. मग खाटेखालच्या कुबड्या ओढल्या. "चल, बांधापतुर जाऊन यीऊ."

ते निम्मे उठले असतील, तेवढ्यात आतून त्यांची आई लगबगीनं बाहेर आली. "बस रं बाळा, बस. पडशील कुठंतरी. पाव्हण्याला काय दावायचं ते भाऊ दावंल की."

मेजरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. कुबड्या परत खाटेखाली सारल्या आणि बसले. चहा आला. तो आम्ही तिथंच बसून प्यालो.