उंबऱ्याएवढी मोटर

परतवाड्याला लाकडाच्या डेपोंच्या रांगेत देवमन मिस्त्रीचं पत्र्याचं शेड होतं. तो फक्त गाड्यांच्या कमानी, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, करायचा. मेळघाटातून सागवान लादून उतरणारे ट्रक दोन-तीन महिन्यांत पाठीतून खचत, आणि खचलेला ट्रक वर उचलून देणं हा त्याचा धंदा. लढाईच्या काळात तो फौजेच्या कारखान्यात हे काम शिकला होता. रस्त्यानं नुसता ट्रक गेला तरी हातातली कपबशी खाली ठेवून तो सांगायचा की डावीकडचा तिसरा पट्टा तुटला आहे, आणि ते खरं निघायचं. माणूस गंभीर. छप्पनला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून त्यानं दारू आणि विडी दोन्ही सोडली होती. कोणी थट्टा केली तर ती त्याला दुसऱ्या दिवशी कळायची.

अशा माणसाकडे एकोणसाठच्या फाल्गुनात केशवराव आले आणि म्हणाले की मोटर खाली करून पाहिजे.

केशवराव तहसिलीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. चिखलदऱ्याला राहणारा एक परदेशी डॉक्टर मायदेशी परतताना त्यांनी त्याची जुनी मोटर घेतली होती, कासवासारख्या गोल पाठीची. घर महानुभाव पंथाचं, तेव्हा पहिली फेरी आईला घेऊन रिद्धपूरला, हे ठरलेलंच होतं. अडलं ते आईवर. जाईबाईचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे ठणठणीत; पण मोटारीत चढायला पाय उंच उचलावा लागतो हे पाहून ती मागं फिरली. देवाच्या दारी वाकून जावं, टांग वर करून कोणी जातं का, हे तिचं म्हणणं. पाट ठेवू म्हटलं, तर पाटावर चढायला ती काही नवरी नव्हती. उचलून बसवू म्हटलं, तर ते मेल्यावर करा म्हणाली. घराचा उंबरा तेवढा ती ओलांडायची, कारण तो सासऱ्यानं बसवला होता. म्हणजे मोटर उंबऱ्याएवढी हवी.

देवमननं साफ नाही म्हटलं. खचलेली गाडी तो वर करत होता, धडधाकट गाडी खचवणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जाईबाई स्वतः चालत आली, भर उन्हात, हातात तुरीची काडी घेऊन. काडीवर कोळशानं उंबऱ्याची उंची आखलेली. देवमननं स्टूल पुढं केलं, ती खाली मातीत बसली.

"काहून नाई म्हणून राहिला, बापू?"

"माय, चांगली मोटर हाय. बिघडवू कशी मी?"

"वर चढवाचं काम तं कोनीबी करते. एकांद्याले खाली आनून दाखव."

हे वाक्य देवमनला लागलं. का लागलं ते त्याला सांगता आलं नसतं. पण त्यानं काडी ठेवून घेतली.

त्या मोटारीला मागं दोन्ही चाकांना मिळून एक सलग आस नव्हता. मधून निघून दोन बाजूंना दोन आस, पाखरानं पंख पसरावेत तसे, आणि वर एक आडवी कमान. देवमननं कमानीतला एकेक पट्टा काढायला घेतला. मोटर बसत गेली, आणि जसजशी बसली तसतशी मागची चाकं फाकत गेली. वरून आत, खालून बाहेर. शेवटी ती अशी दिसायला लागली की रस्त्यानं जाणाऱ्या एका गाडीवानानं बैल थांबवून विचारलं, मोटर मुतायले बसली का काय.

काडी लावून पाहिली तर अजून दोन बोटं उंच. देवमन चाचणी म्हणून मागच्या सीटवर बसला. मोटर दोन बोटं दबली आणि उंबऱ्याच्या खुणेला बरोबर भिडली. तो उतरला की पुन्हा दोन बोटं वर. केशवराव काडीसारखे बारीक, त्यांच्या बसण्यानं काही फरक पडत नव्हता. आणखी पट्टे काढले तर चाकं गाडीच्या अंगाला घासली असती. देवमननं सुचवलं की मागं सरकीचं एक पोतं ठेवा.

जाईबाई म्हणाली, "रिद्धपूरपर्यंत मी सरकीच्या पोत्याशी बोलत बसू का? तूच चाल."

अशा रीतीनं देवमन मिस्त्री, ज्याचं रिद्धपूरला काहीच काम नव्हतं, वजन म्हणून निघाला. सुंदराबाईनं, त्याच्या बायकोनं, भाकरी बांधून देताना विचारलं की तुमी तिथं जाऊन काय करसान. तो म्हणाला, बसीन.

नियम असा ठरला की आधी देवमन बसणार, मग जाईबाई. उतरताना आधी जाईबाई, मग देवमन. चांदूर बाजारापर्यंत सगळं ठीक चाललं. गाडीच्या पोटाला खडे लागत होते, मोटर चालवणारे केशवराव प्रत्येक खड्याला ‘अरे’ म्हणत होते, आणि जाईबाई देवमनला आपल्या सहा बाळंतपणांची हकिगत सांगत होती. पुढं एका गावाच्या शिवेवर रस्त्याखालच्या मोरीचा उंचवटा लागला. मोटर त्यावर चढली आणि पोटावर टेकली. चाकं दोन्हीकडं लोंबकळत नुसती फिरायला लागली.

गावातली माणसं जमली. पाटलाचा गडी म्हणाला, सगळे उतरा, मोटर हलकी होईल, आम्ही उचलून खाली ठेवतो. सोपं होतं. देवमन दार उघडायला लागला तशी जाईबाईनं त्याचं मनगट धरलं.

"तू उतरशीन तं मोटर वर जाईन. मंग मी बसनार नाई."

केशवरावांनी समजावलं, गावकऱ्यांनी समजावलं. म्हातारी हलली नाही. शेवटी दहा माणसांनी तिघांसकट मोटर उचलली. मोरीच्या पलीकडं सपाट जागा नव्हती म्हणून ते तशीच उचलून नेऊ लागले, गावच्या देवळापर्यंत, बाजारातून, पालखीसारखी. बाया दारात आल्या. कोणीतरी हात जोडले.

जन्मभर देवमननं गाड्या उचलल्या होत्या. गाडीत बसलेल्या देवमनला कोणी उचललं नव्हतं. आणि ह्याच गावातून त्याचा बाप पायातलं काढून हातात धरून जायचा, मान खाली घालून. आता पाटलाचे गडी घामाघूम होऊन त्याला नेत होते आणि एकानंही विचारलं नाही की तुम्ही कोण. आपण सांगावं की काय, असं त्याला एकदा वाटलं. मग त्यानं विचार केला की आपण वजन आहोत, वजनानं बोलू नये. देवळापुढं मोटर खाली ठेवीपर्यंत तो ताठ बसून राहिला.

रिद्धपूरला पोहोचल्यावर जाईबाई उंबरा ओलांडल्यागत उतरली आणि समोरच्या उंच दगडी पायऱ्या पदर खोचून भराभर चढून गेली. एकेक पायरी मोटारीच्या जुन्या उंचीएवढी होती. देवमननं वर जाऊन विचारलं, माय, हे कसं?

"थे देवाचे पायठे हायेत," ती म्हणाली. "मोटर काय देव हाय?"

संध्याकाळी तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. ती परत येणार नव्हती. मठातच राहणार होती, घरून निघतानाच तिनं ते ठरवलं होतं. गाठोड्यात दोन लुगडी जास्तीची होती. केशवराव रडले. जाईबाईनं त्यांची पाठ थोपटली आणि देवमनला म्हणाली की तू होता म्हणून वाट बरी गेली.

तोवर गोष्ट मोटारीच्या पुढं धावली होती. कोणी म्हणालं, शिवेवर येताच मोटारीनं आपसूक दंडवत घातलं. कोणी म्हणालं, दंडवत घातलं ते उठेचना, म्हणून दहा जणांनी उचलली. देवमननं भेटेल त्याला कमानीचे किती पट्टे काढले ते मोजून सांगितलं. लोक मान डोलवत ऐकत आणि मग विचारत की आमची पण दंडवत घालेल का.

महिन्याभरात परतवाड्याच्या शेडसमोर मोटारी उभ्या राहू लागल्या. संत्र्यांचे व्यापारी डोमाजी जीप घेऊन आले. त्यांना केशवरावांच्या मोटारीपेक्षा चार बोटं खाली हवी होती. देवमननं केली, पण जीपला सलग आस, चाकं सरळच राहिली. हे त्यानं खडूनं जमिनीवर चित्र काढून समजावलं. डोमाजींना पटलं नाही. आमच्या मोटारीची भक्तीच कमी, असं ते म्हणाले आणि त्यांनी जीप तीनदा रिद्धपूरला पाठवली, चाकं वाकतात का पाहायला.

एकसष्ट साली अमरावतीहून एक इन्स्पेक्टर आले. त्यांनी धुळीत आडवं पडून मोटारींची उंची मोजली. त्यांच्या पुस्तकात गाडी किती उंच असू नये ते होतं, किती खाली असू नये ते नव्हतं. त्यांनी देवमनला विचारलं, हे कशासाठी? देवमननं खरं ते सगळं सांगितलं: उंबरा, तो बसवणारा सासरा, सरकीचं पोतं. इन्स्पेक्टरांनी तीन पानं लिहिली, वाचून पाहिली, दोन फाडली आणि तिसऱ्यावर शेवटची ओळ घातली: वाहने बसलेली आहेत, चालतात.

ही हवा तीन वर्षं टिकली. टायर आतल्या कडेनं झिजून फाटायला लागले तेव्हा कुठं एकेक मोटर पुन्हा वर येऊ लागली. केशवरावांनी मात्र आपली तशीच ठेवली. ते आईला भेटायला दर महिन्याला एसटीनं जात. मोटर अंगणात असायची आणि त्यांची बायको वच्छला तिच्या गोल पाठीवर मिरच्या वाळवायची.

त्रेसष्टला देवमननं अकोल्याच्या एका सरकारी कारखान्यात फिटरच्या जागेसाठी अर्ज केला. साहेबांनी अनुभव विचारला. बारा वर्षं गाड्या वर केल्या, तीन वर्षं खाली केल्या, त्यानं सांगितलं. ह्यातलं अवघड कोणतं, साहेबांनी विचारलं.

देवमन म्हणाला,

"खाली करनं, साहेब. वर केली तं मानूस पैसे देऊन चालला जाते. खाली केली तं हात जोडते, अन् मंग त्याले काहीच समजावून सांगता येत नाई."

त्याला घेतलं. सुंदराबाईनं त्याच आठवड्यात बिऱ्हाड अकोल्याला हलवलं. शेडमागं काढलेल्या पट्ट्यांचा कमरेइतका ढीग साचला होता, तो एका लोहारानं बैलगाडी लावून दोन खेपांत नेला. त्याचे पुढं विळे झाले.