अमेरिकन जनरलचं कीर्तन

आमच्या घराण्यात चार पिढ्या कीर्तनकार झाल्या आणि पाचव्या पिढीत मी झालो, एसीवाला. म्हणजे इंजिनिअर, पण बाबांच्या लेखी एसीवालाच. बहारीनमध्ये मी मोठमोठ्या इमारती थंड ठेवतो, मी एक दिवस घरी बसलो तर आत माणसांची भजी तळून निघतील, हे त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "पंखे फिरवायला कोणीही मिळतो रे."

या रागाचं मूळ आमच्या गावच्या देवळात आहे. मी अकरा वर्षांचा असताना बाबांनी मला तिथे पहिल्यांदा कीर्तनाला उभं केलं. डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, हातात झांजा आणि तोंडात ध्रुवाचं आख्यान. ध्रुवाला बापाच्या मांडीवरून उतरवलं इथवर ठीक चाललं होतं. "आणि मग," मी म्हणालो. पुढचं आठवेना. "आणि मग" आणखी चारदा म्हणालो आणि झांजांसकट घरी धूम ठोकली. माझा ध्रुव रानात पोचलाच नाही.

आता कीर्तनाची एक रीत सांगायला हवी. कीर्तन संपलं की सगळे कीर्तनकाराच्या पाया पडतात. तो नारदाच्या गादीवर उभा असतो, म्हणून वयाने मोठी माणसंही पडतात, सख्खा बापसुद्धा. माझ्या आजोबांना बाबांपुढे वाकताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. बाबांची जन्माची तक्रार एवढीच होती, "माझं तेवढं राहिलं." हे ते जेवताना म्हणत, फोनवर म्हणत आणि माझ्या लग्नात तर भटजींना मंगलाष्टकं थांबवून म्हणाले होते.

गेल्या वर्षी ते व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. सामानात दोन धोतरं, आजोबांच्या झांजा आणि बुक्क्याची डबी. विमानतळावर कस्टमवाल्याने ही काळी पूड कसली म्हणून विचारलं. बाबांना भाषा येईना, म्हणून त्यांनी ती स्वतःच्या कपाळाला लावून दाखवली आणि मग प्रेमाने त्याच्या कपाळाकडे बोट नेलं. तो मागे सरकला, डबी हुंगली, सणसणीत शिंकला आणि "खलास, यल्ला", म्हणजे झालं, निघा, म्हणून त्यांना बाहेर काढलं. बाबा म्हणाले, "सज्जन मुलगा आहे, पण सर्दी आहे त्याला."

आणि नेमकं त्याच महिन्यात माझं भाषण आलं. माझा मल्याळी मॅनेजर एका भाषण-क्लबचा अध्यक्ष आहे. दर मंगळवारी संध्याकाळी मनामाच्या हूरा भागातल्या एका हॉटेलात आम्ही जमतो आणि एकमेकांना इंग्रजीत छळतो. सात मिनिटं बोलायचं. पाचव्या मिनिटाला हिरवा दिवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल. कोण किती वेळा "अं" म्हणतो ते मोजायला एक फिलिपिनो बाई बसलेल्या असतात. मी दोन वर्षं "साइटवर एसीचा चिलर बंद पडलाय" सांगून पळ काढत होतो. आखातात एका माणसाचे एवढे चिलर कधी बंद पडले नसतील. शेवटी मॅनेजरने माझ्यापुढे विषयांच्या चिठ्ठ्यांचा वाडगाच धरला. मला आला अमेरिकेचा एक जनरल, एकोणिसाव्या शतकातला. नाव सांगत नाही, सांगितलं तरी तुम्हाला कळणार नाही. मलाही कळलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मी हॉलमध्ये पाठांतराला बसलो आणि दर दोन वाक्यांना अडकायला लागलो. बाबा सोफ्यावर पडल्या पडल्या ऐकत होते. म्हणाले, "कोण हा मेला? मराठीत सांग."

मी सांगितलं. टोपीवाल्याचा मुलगा. याला घोडे पाळायचे होते, बापाने लष्करी शाळेत घातला. तिथे शेवटून तिसरा आला. मेक्सिकोत एक लढाई लढला, मग सैन्य सोडून बटाटे लावले, नदीला पूर आला आणि बटाटे गेले. मग त्यांचं आपसातलं मोठं युद्ध लागलं, तेव्हा हा परत सैन्यात गेला आणि जनरल झाला.

"गुरू कोण त्याचा?"

"बाबा, अहो, अमेरिकन होता तो."

"म्हणून काय झालं? पुढे?"

"पुढे सरकारने त्याला पश्चिमेला धाडला, तिथल्या मूळ लोकांना त्यांच्याच जमिनीवरून हुसकायला. त्याने हुसकलं."

बाबा उठून बसले. "हे वाईट केलं."

"गाळू का?"

"गाळतोस कसला. नायकाचं पाप झाकलं तर ते कीर्तन नव्हे, सत्कार."

हे भाषण आहे, कीर्तन नाही, हे मी तीनदा सांगितलं. पण त्यांनी ऐकलं असतं तर ते माझे बाबा कसले. त्यांनी जनरलची पार मांडामांड केली. आधी पूर्वरंग, त्यात बोध. मग मध्यंतर, त्यात कीर्तनकाराला हार आणि बुक्का. मग उत्तररंग, त्यात आख्यान. बोध कोणता घ्यायचा म्हणून डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "पळाला, तो परतही येऊ शकतो. हा घे." हे म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

वर धंद्यातलं एक गुपितही दिलं. "आठवेनासं झालं की गजर लाव. लोक गात असतात तेवढ्यात आठवतं. तुला काय वाटलं, गजर देवासाठी असतो?"

मंगळवारी बाबा पहिल्या रांगेत बसले, धोतर, कोट आणि मांडीवर पिशवी. त्यांचा व्हिसा शनिवारी संपत होता. मला दुसरं काही नको होतं, फक्त या माणसासमोर पुन्हा पळायचं नव्हतं. बोध बरा झाला. घसा सुकला म्हणून मी घोटभर पाणी प्यायलो.

तीच चूक झाली. पाणी म्हणजे मध्यंतर. बाबा ताडकन उठले, स्टेजवर आले, पिशवीतून मनामातल्या देवळाजवळून आणलेला मोगऱ्याचा हार काढून माझ्या गळ्यात घातला आणि कपाळाला बोटभर बुक्का लावला. मग न्याय म्हणून मॅनेजरलाही लावला आणि जागेवर जाऊन बसले. हिरवा दिवा लागला.

मी आख्यान सुरू केलं. शाळा झाली, मेक्सिको झालं, बटाटे वाहून गेले. "अँड देन," मी म्हणालो. पुढे काही नाही. "अँड देन." "अं" मोजणाऱ्या बाईंनी पेन्सिल उचलली. तेच देऊळ, तोच ध्रुव, आणि माझा पाय आपोआप दाराकडे वळला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून झांजांचा बारीक आवाज आला.

मी डोळे मिटले आणि खड्या आवाजात रामकृष्णहरीचा गजर लावला.

बाबांनी झांजा धरल्या. मागून, पाहुणी म्हणून आलेली माझी बायको गायला लागली, मग बँकेतले दोघे पुणेकर, मग एक तेलुगू अकाउंटंट. थोब म्हणजे पायघोळ पांढरा झगा घातलेले एक बहारीनी आजोबा या क्लबचे सर्वांत जुने सभासद, ते मजेत टाळ्या द्यायला लागले. पेन्सिलवाल्या बाईंना हे "अं"मध्ये धरायचं की नाही ते कळेना. आणि मला अख्खा जनरल आठवला. युद्ध सांगितलं, विजय सांगितला, पश्चिमेतलं पापही सांगितलं. पिवळा लागला, लाल लागला, लाल तसाच जळत राहिला. मी अकराव्या मिनिटाला थांबलो.

अर्थात बाद झालो. त्या दिवशीचं बक्षीस वेळेचं नियोजन या विषयावर बोललेल्या माणसाला मिळालं.

लोक चहाकडे वळले आणि बाबा परत स्टेजवर आले. त्यांच्या मनात काय आहे ते कळलं तसा मी मागे सरलो.

"हलू नको," ते म्हणाले. "हे गुडघे एकदाच वाकणार आहेत."

"बाबा, अहो, हे कीर्तन नव्हतं. तो जनरल होता."

"कोण होता ते मला काय करायचंय? तू पळाला नाहीस."

आणि ते वाकले. कोटाची पाठ थरथरत होती आणि त्यांची बोटं माझ्या ऑफिसच्या बुटांना लागली. मला रडू फुटलं, लाल दिव्यात, मॅनेजरसमोर, गळ्यात हार असताना. मी हात दिला तेव्हा ते कण्हत उभे राहिले आणि धोतर झटकलं.

"झालं माझं," बाबा म्हणाले. "आता खुशाल पंखे फिरव."