हरायची ड्यूटी

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शाब्बास सर एका उंच पोराला हरायला शिकवत होते.

"सरळ जाळीत नको मारूस रे, लगेच कळतं. कडेच्या बाहेर जाऊ दे, दोन बोटं. आणि मग जरा हळहळ."

"सर, काल मीच हरलो. आज ड्यूटी दुसऱ्याची आहे."

"त्याला अभिनय येत नाही. जा, टेबलाशी उभा राहा, भिंगरी येईल आता."

सर दिवसा विम्याच्या ऑफिसात फायली सरकवत आणि सकाळ-संध्याकाळ टेबल टेनिस शिकवत. पूर्वी ते पोरांवर खेकसायचे. मग दोन दिवसांचं शिबिर करून आले आणि माणूसच बदलला. पोरांना जिंकायची सवय लागली की आत्मविश्वास आपोआप येतो, असं शिबिरात सांगितलं होतं. जेवण चांगलं होतं, त्यामुळे सरांनी शंका विचारली नाही. तेव्हापासून कोणाचा चेंडू छताला लागला तरी सर म्हणत, "शाब्बास, उंची छान मिळाली!"

भिंगरी ही हॉलसमोरच्या शिंपीणबाईंची बारा वर्षांची मुलगी. हात विजेसारखा, पण अकराच्या गेममध्ये गुण नऊ-नऊ झाले की त्याच हाताचं लाकूड व्हायचं. रविवारी संघाची निवड होती. चौघी मुली, प्रत्येकीने प्रत्येकीशी खेळायचं आणि पहिल्या दोघी संघात. "या वेळी नाही जमलं तर मी खेळ सोडते," असं तिने सांगून टाकलं होतं. सरांना इतक्या वर्षांत असा हात मिळाला नव्हता. म्हणून तीन आठवडे अख्खा हॉल पाळीपाळीने तिच्याशी हरत होता.

"पोरीच्या चेहऱ्यावर काय तेज आलंय!" सरांनी घरी सांगितलं.

"अहो, हरभऱ्याच्या झाडावर चढवताय तिला. उतरवणार कोण?" बायको म्हणाली.

"तुला त्यातलं मानसशास्त्र कळायचं नाही."

"नाहीच कळत. लग्न झाल्यापासून पत्त्यांत तुमच्याशी हरतेय, ते उगीच."

सर मनापासून हसले. बायको विनोदी आहे, एवढाच अर्थ त्यांनी घेतला.

रविवारी पहिली गाठ एका चष्मेवाल्या मुलीशी पडली. तिला योजनेची कल्पना कोणी दिली नव्हती. तिने भिंगरीला सरळ तीन गेममध्ये गुंडाळलं. एकाही गेममध्ये भिंगरी पाचच्या पुढे गेली नाही.

"शाब्बास! झुंज छान दिलीस," सर म्हणाले.

भिंगरीने पाण्याची बाटली तोंडावरून खाली घेतली. "सर, हिला सांगायचं राहिलं का?"

"काय सांगायचं?"

"हरायचं."

सरांचा चेहरा जाहिरात काढून घेतलेल्या फलकासारखा झाला. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तो उंच दादा चुकला की आधी तुमच्याकडे बघतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढे खूश होता. म्हटलं, सरांचा आत्मविश्वास कशाला घालवा." तिने बाटलीचं झाकण आवळलं. "खरं सांगा. मला येतं का?"

शिबिरात या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं.

"फोरहँड चांगला आहे," सर म्हणाले. "बॅकहँड कच्चा. आणि नऊ-नऊला तू सर्व्हिसची घाई करतेस, कारण तुला ते एकदाचं उरकायचं असतं."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुझं मन खचेल म्हणून."

"ते खचलेलंच होतं की. सगळे मुद्दाम हरतात म्हणजे आपण किती वाईट खेळत असू, हाच विचार डोक्यात."

दुसरा सामना पाचव्या गेमपर्यंत ताणला आणि नऊ-नऊ झाले. सरांची जीभ शाब्बाससाठी शिवशिवली. ती त्यांनी दातांखाली धरली. भिंगरीने तळहात टेबलाच्या कोपऱ्याला पुसला, श्वास सोडला, थांबली. पंचांनी घड्याळाकडे पाहिलं, तरी थांबली. मग सर्व्हिस केली. पुढचे दोन्ही गुण तिचे, आणि सामनाही.

तिसरा सामना ती हरली. खरं कळलं म्हणून बॅकहँड तासाभरात सुधारत नाही, आणि समोरच्या मुलीने नेमका तोच धरून ठेवला. भिंगरी तिसरी आली. संघात जागा दोनच.

सरांनी सांत्वनाचं एक झकास वाक्य जुळवलं आणि गिळलं. "सोडतेस मग?" त्यांनी विचारलं.

"दादाला खरं खेळायला सांगा."

"तो तुला दोन गुणसुद्धा घेऊ द्यायचा नाही."

"नको देऊ दे. घेते की नाही ते मी बघते."

"आणि बॅकहँड?"

"तो तुम्ही बघायचा. त्याचेच पैसे घेता ना?"

सोमवारी हॉल सहाला उघडतो. दोन नंबरच्या टेबलावर आधी अर्धा तास फक्त बॅकहँड आणि साडेसहाला दादाबरोबर पाच गेम.