पातळ लॅपटॉप आणि होऊ घातलेला जावई

पिंपळगाव बसवंतमध्ये धनराज विधात्यांना द्राक्षं दाखवायची म्हटलं की भले भले बागायतदार आदल्या रात्रीच घड पुन्हा पुन्हा निवडत बसतात. निर्यातीच्या पॅकहाउसवर माल पारखायचा, हे त्यांचं काम. क्रेटचा वरचा थर ते बघतच नाहीत. वरचा थर काय, सगळ्यांचाच चांगला असतो. ते बाही सारतात, कोपरापर्यंत हात खाली घालतात, तळातला एक घड ओढून उजेडाकडे धरतात आणि मण्यामण्यांच्या फटीतून समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघतात. घडात काही दोष नसला तरी त्या नजरेनं माणूस स्वतःच एखादा दोष सांगून मोकळा होतो.

ही खोड पॅकहाउसपुरती राहती तर कुणाची तक्रार नव्हती. पण पेट्रोल पंपावर ते गाडीतून उतरून मीटरसमोर असे उभे राहतात, जसा काही तो मीटर आता पळून जाणार आहे. येवल्याला आशाताईंसाठी पैठणी घ्यायला गेले, तर ती उलटी करून इतका वेळ निरखत बसले, की दुकानदारानं शेवटी विचारलं, “साहेब, वहिनी उलटी नेसणारेत का?” आणि स्वतःच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, अंतरपाटावरून टाच उंचावून पलीकडे बघून घेतलं होतं म्हणे. दाखवली तीच मुलगी उभी आहे ना, एवढीच खात्री करायची होती. आशाताईंना हे विचारलं की त्या हसतात. खोटं आहे, असं मात्र आजपर्यंत म्हणालेल्या नाहीत.

तर अशा माणसाला कुणी फसवावं? एका लॅपटॉपनं.

त्यांचा जुना लॅपटॉप होता जाडजूड, मांडीवर घेतला तर पाय बधिर करणारा. पण गुणाचा. मंद झाला की गावातला मेकॅनिक तळाचं झाकण काढायचा, रॅमची एक पट्टी बसवायचा, की गडी पुन्हा पळायला लागायचा. दोनदा असं झालं होतं. मग नाशकात एका झगमगीत दुकानात त्यांनी नवा बघितला. सुपारीच्या ताटलीसारखा पातळ. टाय लावलेला विक्रेता तो एका बोटावर तोलून म्हणाला, “आत्ता एवढी मेमरी बास आहे सर. पुढं लागली तर वाढवून घ्या.” धनराजरावांनी सवयीनं तो उलटा केला. तळाला झाकण नाही, खाच नाही, नुसते मुंगीएवढे स्क्रू. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आतला माल न बघता वस्तू घेतली, आणि का, तर ती पातळ होती! पातळपणाला भुलले. हे त्यांनी अजून कुणाकडे कबूल केलेलं नाही.

हंगाम आला आणि लॅपटॉप झोपला. परदेशातला खरेदीदार फोटो मागतोय, प्रमाणपत्रं मागतोय, आणि पडद्यावर गोल चक्र फिरतंय. धनराजराव त्याला ‘सावकाश सावकाश’ म्हणत चुचकारायचे, मग शिव्या घालायचे, मग बंद करून चालू करायचे. घरातला एकही स्क्रूड्रायव्हर त्या स्क्रूंना बसेना.

नेमक्या याच दिवसांत तेजस्विनीनं बॉम्ब टाकला.

तेजस्विनी म्हणजे त्यांची एकुलती एक. नाशकात औषधांच्या एका प्रयोगशाळेत नोकरी, आणि स्वभाव बापाच्या वरताण सरळ. जेवताना म्हणाली, “पप्पा, मला रोहित गायखे पसंत आहे. गंगापूर रोडला त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून जाणार नाही. पण दुसरं स्थळ बघायलाही बसणार नाही. सांगून ठेवते.”

एवढं बोलून तिनं भाकरीचा तुकडा मोडला. बापानं मात्र हातातला घास परत ताटात ठेवला.

आशाताईंना आनंद झाला होता. जातीतला मुलगा, घरचं चांगलं, अजून काय पाहिजे? धनराजरावांनी चौकशी लावली. दूधवाला म्हणाला पोरगा चांगला. सलूनवाला म्हणाला पोरगा चांगला. गायख्यांच्या सोसायटीचा वॉचमन तर म्हणाला, लाखात एक.

“एक माणूस वाईट बोलंना,” धनराजराव घरी येऊन म्हणाले. “याचा अर्थ कळतो का तुला?”

“पोरगा चांगला आहे असा,” आशाताई म्हणाल्या.

“सगळ्यांना सांगून ठेवलंय, असा! माल असा नाय बघत. गिऱ्हाईक होऊन बघायचा असतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातली उन्हाळी टोपी काढली, काळा चष्मा लावला, लॅपटॉप काखोटीला मारला आणि आशाताईंच्या ड्रेसिंग टेबलवरनं लाल नेलपॉलिशची बाटली खिशात टाकली. दुरुस्तीला वस्तू द्यायची तर खूण करून द्यावी. आतला चांगला भाग काढून घेऊन कुणी भलताच घातला तर कळायला नको?

रोहितचं दुकान मुख्य रस्त्याला लागून होतं. काउंटरवर उघडे लॅपटॉप पडलेले, बाहेर वाहनांची वर्दळ. धनराजरावांच्या मनात पहिली फुली तिथंच पडली. एवढ्या धुळीत नाजूक काम?

“मी निफाडचा शिरसाठ,” ते म्हणाले. “याची रॅम वाढवायची.”

रोहितनं त्यांच्याकडे एकदा बघितलं, लॅपटॉपकडे एकदा बघितलं. “शिरसाठकाका, बसा. चहा सांगू?”

“चहा नको. रॅम सांग.”

“याची वाढत नाही काका. या मॉडेलला रॅम बोर्डालाच डाग देऊन कायमची चिकटवलेली असते. पट्टीच नाही, तर बदलणार काय?”

“न उघडताच सांगतो का?”

“रोज एक तरी येतो असा. बरं, तुमच्या समाधानासाठी उघडतो.”

त्यानं एका बारीक हत्यारानं स्क्रू काढले, नखानं कड उचकली आणि झाकण बाजूला ठेवलं. धनराजराव पुढं वाकले. आत काळ्याशार बॅटरीचे मोठाले तुकडे, आणि वरच्या अंगाला तळहाताएवढी एक हिरवी पाटी. बस.

“बाकीचं कुठंय?”

“एवढंच असतं काका.”

“एवढंच? अरे, माझ्या जुन्यात संसार होता आत! हा तर रिकामा खोका हाय. कुणी काढून घेतलं यातलं?”

“कुणी नाही. कंपनीच असं करते. पातळ करायचा तर सगळं एकमेकांना चिकटवायचं. जास्त पाहिजे असेल तर घेतानाच जास्तीचा घ्यायचा, नंतर हात लावायला जागा नाही. तुम्हाला विकणाऱ्यानं हे सांगायला पाहिजे होतं.”

“म्हणजे वस्तू माझी, पैसा माझा, आणि वाढवायची सोय नाय? का, तर पुढच्या वर्षी नवा घ्यावा म्हणून. हे मुद्दाम हाय!”

“मुद्दाम आहे की नाही, ते काय माहीत. पण माझ्याकडं येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो.” रोहितनं झाकण लावून लॅपटॉप चालू केला. “नवा घेऊ नका मात्र. बिनकामाचं बरंच काही चालू होतंय, ते बंद करून देतो. थोडा हलका होईल. त्याचं काही नको.”

त्याचं काही नको! धनराजरावांच्या कानात घंटा वाजली. फुकट काम करणारा दुकानदार त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. याला काम येत नसणार, म्हणून पैसे घ्यायची लाज वाटते. नाहीतर हा आपल्याला ओळखून गोड वागतोय. दोन्ही वाईटच. रोहितनं चार ठिकाणी दाबून लॅपटॉप बंद केला, तसा त्यांनी तो उचलला आणि पुन्हा चालू करूनही न बघता बाहेर पडले.

गाडीत बसून त्यांनी नेलपॉलिश काढली, प्रत्येक स्क्रूवर एकेक लाल ठिपका दिला, फुंकून वाळवला. पलीकडच्या सिग्नलवर पोलीस उभा होता. टोपी-चष्म्यातला बाप्या भर दुपारी फुंकर मारत नेलपॉलिश वाळवतोय, हे बघून तो काय समजला असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

दुसरं दुकान होतं पुढच्या चौकात. काचेचं दार, आत थंडगार. मालकानं लॅपटॉप हातात घेतला न घेतला तोच म्हणाला, “होऊन जाईल.”

“होईल? वाढंल रॅम?”

“का नाही वाढणार? बसा अर्धा तास.”

“पण माझ्यादेखत उघडा.”

मालक हसला. “सर, ते चालत नाही. धुळीचा एक कण गेला तरी बोर्ड जातो. आत आमची एसी रूम आहे, टोपी आणि हातमोजे घालूनच काम होतं. बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही.”

इथं धनराजराव विरघळले. दुसरा कुणी असता तर याच वाक्याला सावध झाला असता. पण यांचं आयुष्य पॅकहाउसमध्ये गेलेलं. गार खोलीत टोपी-हातमोज्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, द्राक्षाच्या मालकालाही दाराबाहेर उभं करायचं, हा त्यांचाच नियम! किती बागायतदारांना त्यांनी तसं दारात ताटकळत ठेवलं होतं. हा आपल्यातला माणूस, त्यांना वाटलं. शिस्तीचा. आणि तो दुसरा, रस्त्याच्या धुळीत लॅपटॉपचं पोट फाडून बसलेला!

अर्ध्या तासानं लॅपटॉप परत आला, नव्या मखमली पिशवीत, वर चकचकीत स्टिकर: सोळा जीबी. मालकानं चालू करून दाखवला. खरंच पळत होता. धनराजरावांनी मागितले तेवढे पैसे दिले आणि, कधी नव्हे ते, घासाघीस केली नाही.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधी निकाल दिला. “हे स्थळ नाय. पोराला काम येत नाय, आणि वर खोटं बोलतो. होणारी गोष्ट होत नाय म्हणतो. बघ, एका माणसानं अर्ध्या तासात करून दिली.”

तेजस्विनीनं वाद घातला नाही. तिनं लॅपटॉप उघडला, दोन ठिकाणी दाबलं आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला. “आठ. काल आठ होती, आजही आठच आहे.”

“स्टिकरवर सोळा लिहिलंय.”

“स्टिकर मी बत्तीसचा लावून देऊ का पप्पा?”

“मग पळतोय कसा?”

“रोहितनं काही केलं होतं का?”

तेवढ्यात आशाताईंनी लॅपटॉप उचलून उलटा केला आणि ओरडल्या, “अहो! ही माझी नेलपॉलिश!”

प्रत्येक स्क्रूवर लाल ठिपका जागच्या जागी होता. एकाचाही टवका उडालेला नव्हता. त्या एसी रूममध्ये टोपी घालून, हातमोजे घालून, कुणी स्क्रूला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

धनराजराव ओट्यावर जाऊन बसले. चहा आला, गार झाला, साय धरली. मग त्यांच्या डोक्यात दुसरा किडा वळवळला. ते तसेच आत आले. “त्या रोहितला माहीत होतं का, मी कोण ते?”

तेजस्विनी म्हणाली, “मी नाही सांगितलं.”

आशाताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागल्या.

“आशा!”

“त्याच्या आईला नुसता फोन केला होता. म्हटलं, हे येतील टोपी घालून, पोराला सांगा घाबरू नको म्हणून.”

“बघ! बघ! म्हणजे सगळं नाटक! शिरसाठकाका काय, चहा काय!” त्यांना एकदम बरं वाटायला लागलं. संशय खरा ठरला की माणसाला भूकसुद्धा चांगली लागते.

पण जेवता जेवता हात मंदावला. आशाताईंनी विचारलं, “काय झालं?” “उद्या परत नाशकाला जातो,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टोपी-चष्म्याशिवाय ते थेट गंगापूर रोडला. रोहित कुणाचा तरी कीबोर्ड साफ करत होता. उभा राहिला.

“बस,” धनराजराव म्हणाले. “मला ओळखलं होतंस ना?”

“हो काका. दारातनंच.”

“पोरीचा बाप आलाय, हे माहीत होतं.”

“हो.”

“मग त्याला पाहिजे ते का नाय सांगितलं? होतं म्हणायचं, दोन दिवस ठेवून घ्यायचा, काहीतरी खटपट करायची. मी खूश झालो असतो.”

“मनात आलं होतं,” रोहित म्हणाला. “खोटं कशाला बोलू? तुम्ही आत आलात तेव्हा देवाला म्हटलं, यांच्या हातात जुना जाडा लॅपटॉप असू दे. काखेतनं हा पातळ निघाला आणि म्हटलं, गेलं लग्न. पण होतच नाही काका, तर काय सांगू? उद्या उघडं पडलं असतं तर तेजस्विनी माझ्याशी बोलली असती का?”

धनराजरावांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ. पोरगा घामाघूम झाला, पण नजर हलली नाही. आपल्याला खूश केलं तर मुलगी मिळते, आणि खरं सांगितलं तर बहुतेक जाते, हे ठाऊक असून यानं तोंडावर नाही म्हटलं. ओळखलं नसतं आणि खरं बोलला असता, तर त्यात काय मोठं? ओळखून बोलला. आता ह्यात खोट काढायची तर कुठं काढायची? त्यांनी खूप शोधली. सापडेना, म्हणून चिडले.

“चहा सांग,” ते म्हणाले. “आणि तुझ्या वडलांचा नंबर दे.”

संध्याकाळी विधात्यांच्या घरात टीव्ही बंद झाला. तेजस्विनी स्वयंपाकघराच्या दारात उभी, हाताला पीठ तसंच. धनराजरावांनी फोन लावला. नमस्कार झाले, पाऊसपाणी झालं, द्राक्षाचा भाव झाला. मग घसा खाकरून ते म्हणाले, “आमच्याकडून हो आहे. तुमचं काय?”

पलीकडून रोहितचे वडील ताबडतोब म्हणाले, “आमचं तर कधीचंच हो आहे!”

तेजस्विनी पिठाच्या हातानंच आईला बिलगली. धनराजराव मात्र फोन कानापासून जरासा लांब धरून, भुवया वर नेऊन, बायकोला दबक्या आवाजात म्हणाले, “लगेच हो म्हणाले. विचार करायला एक दिवससुद्धा मागितला नाय. काय भानगड असंल?”

“आधी फोनवर हात ठेवा,” आशाताई म्हणाल्या, “ऐकू जातंय त्यांना.”