सर्टिफिकेटवरचा एक शब्द

"मॅडम, एकच सांगा. हा नितीन एक माणूस आहे की दोन?"

बोईसरच्या एका केमिकल कंपनीतल्या एचआर मॅनेजरने मला हे विचारलं आणि स्वतःच हसला. शेजारचा सेफ्टी ऑफिसरही हसला. मी हसले नाही. टेबलावर मीच दिलेलं सर्टिफिकेट होतं. त्यातल्या 'स्किझोफ्रेनिया' या शब्दाभोवती लाल पेनाने गोल काढला होता.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. राहते पालघरला, आठवड्यातून तीन दिवस बोईसरला ओपीडी. नितीन किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातला, तिशीचा, पॅकिंगमध्ये ऑपरेटर. पाच वर्षांपूर्वी त्याला आवाज ऐकू यायचे. आसपास कुणी नसताना कुणीतरी शिव्या देतंय असे. औषधं लागू पडली. गेली चार वर्षं आवाज नाहीत, कामात चूक नाही. मागच्या महिन्यात तो टायफॉइडमधून उठला, तेव्हा कंपनीने चालू औषधांचा कागद मागितला. मी सवयीने निदानासकट सगळं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरच अडवलं.

त्याची आई सुकी मासळी विकते. ती तडक ओपीडीत आली. "तुमी काय लिवलं त्या कागदावर? चार वरसं पोर नीट हाय, आन एका कागदानं येडा झाला?"

म्हणून मी कंपनीत गेले.

"आम्ही गूगलवर बघितलंय," मॅनेजर म्हणाला. "स्प्लिट पर्सनॅलिटी. असला माणूस प्लांटमध्ये नको."

मी त्याला समजावलं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका जर्मन डॉक्टरने या आजाराला 'तरुणपणीचा बुद्धिनाश' अशा अर्थाचं नाव पक्कं केलं. त्याने पाहिलेले पेशंट बहुतेक इस्पितळात वर्षानुवर्षं पडून असलेले. बरे होऊन घरी गेलेले त्याच्या नजरेला कमीच पडले. मग एक स्विस डॉक्टर म्हणाला, हा बुद्धिनाश नाही आणि सगळेच खालावत नाहीत. त्याने ग्रीक शब्द जोडून नवं नाव दिलं, अर्थ 'दुभंगलेलं मन'. विचार, भावना आणि वागणं यांचा सांधा सुटतो, एवढंच त्याला म्हणायचं होतं. लोकांनी त्यातून एका अंगात दोन माणसं काढली. जपानमध्ये हे नाव पेशंटना इतकं नडलं की तिथल्या डॉक्टरांनी ते बदलूनच टाकलं.

मॅनेजरने घड्याळ बघितलं. "मॅडम, सोपं करू. तुम्ही 'स्ट्रेस' लिहा. उद्यापासून घेतो त्याला."

माझं डोकं फिरलं. "माणूस तोच, गोळ्या त्याच. फक्त शब्द बदलला की तो सेफ?"

"ऑडिट असतं हो. फाईलमध्ये बरं दिसलं पाहिजे."

खोटं लिहिणं दोन मिनिटांचं काम होतं. पण उद्या दुसरा डॉक्टर 'स्ट्रेस' वाचून त्या गोळ्या बंद करेल. मग ते आवाज परत ऐकायचे नितीनने, फाईलने नाही.

"मी बदलणार नाही," मी म्हणाले. "आजारामुळे कामावरून काढलं, असं तुम्ही लेटरहेडवर लिहून द्या. खाली सही करा."

"लेखी कशाला?"

"कोर्टात लागेल."

सेफ्टी ऑफिसरचं हसू गेलं. लेखी कुणी दिलं नाही. नवव्या दिवशी नितीनला फोन आला, त्याच कामावर घेतलं.

पण तो शब्द शॉप फ्लोअरवर पोचला होता. कुणीतरी त्याला 'डबल रोल' हाक मारायला लागलं. कॅन्टीनमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना. सहा महिने त्याने सोसलं आणि राजीनामा दिला. आता तो सरावलीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. गोळ्या चालू आहेत, तब्येत चांगली आहे.

"तिकडे काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काय नाय. कोणी इचारलंच नाय."

कंपनीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. स्वतःवरचा तर नाहीच. निदान पेशंटच्या केसपेपरवर राहतं. कंपनीच्या सर्टिफिकेटवर मी आता 'कामासाठी फिट' एवढंच लिहिते. तेवढंच कळायचा त्यांना हक्क आहे. हे शिकायला मला बावीस वर्षांची प्रॅक्टिस लागली, आणि नितीनची नोकरी.